मुठीत ऊन केलेला घास

मला मांजरांचं वेड नाही. तेव्हाही नव्हतं. मांजराला मांडीवर घेऊन कुणी लाडेलाडे बोलायला लागलं की मी उठून दुसऱ्या खोलीत जाते. तरी आयुष्यात एकाच बाईचा मी मनापासून हेवा केला, आणि तो एका मांजरावरून केला. समोरच्या घरात रंगीत टीव्ही आला, धाकट्या जावेच्या माहेराहून पाटल्या आल्या, तेव्हा मला काही झालं नाही. या बाईपायी मात्र माझी झोप उडाली.

आमचं किराणा-भुसाराचं दुकान चौसाळ्यात, हमरस्त्याला लागून. पुढं दुकान, मागं घर, घरामागं परसू आणि त्यापलीकडं ओढा. त्या वर्षांत दुकानाचा चेहरा बदलत चालला होता. गुळाच्या ढेपांवर शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लोंबत होत्या, समोर एसटीडीचं खोकं लागलं होतं, आणि आमच्या घरातले पुरुष कुठल्या ना कुठल्या साबणाची एजन्सी मिळवण्याच्या मागे होते. घर एकत्र होतं. सासूबाई, आम्ही तीन जावा, सगळ्यांची मिळून सात पोरं. एकत्र घरात स्वतःचं असं काही राहत नाही. साडी मी धुवून वाळत घातली तर संध्याकाळी जावेच्या अंगावर दिसायची, तसंच तिचीही माझ्या अंगावर. पोरंसुद्धा ज्याच्या हाताला लागतील त्याची. माझं म्हणावं असं एकच होतं, ते मांजर.

ज्वारीच्या पोत्यांबरोबर ते पिल्लू कुठून तरी आलं. दुपारी मी परसात धान्य निवडायला बसले की माझ्या पदराच्या टोकावर येऊन बसायचं. दुसऱ्या कुणाच्या नाही. जावांनी बोलावून पाहिलं, पोरांनी ओढून पाहिलं, ते माझ्याच पदरावर. मी त्याला कधी कुरवाळलं नाही. पण पदर आखडून घ्यायचा असला तर मी आधी त्याला उठवायची, एवढं खरं.

आम्ही लिंगायत वाणी. गळ्यात लिंग, घरात मांस-मच्छी तर सोडाच, अंडंही नाही. तेव्हा मांजरानंही आमच्यासारखंच खायचं असं ठरलं होतं. दूध-भाकरी, कधी ताकातला भात, सणाला पुरण. गोदामात उंदरांसाठी औषधाच्या वड्या टाकलेल्या असत, म्हणून मांजरानं उंदीर धरला की सासूबाई केरसुणी घेऊन धावायच्या आणि तो सोडवायच्या. विष खाल्लेला उंदीर पोटात जाऊ नये हा एक विचार, आणि घरात हत्या नको हा दुसरा. आल्या-गेल्याला त्या कौतुकानं सांगायच्या, "आमचं मांजर सोमवार धरतं."

दुसऱ्या वर्षापासून सोमवार धरणाऱ्या मांजराचं पोट बिघडलं. आधी अधूनमधून, मग रोज. पातळ जुलाब, खाल्लं की ओकारी, अंगावरचे केस पायपुसण्यासारखे. मी ओव्याचं पाणी दिलं, डाळिंबाची साल उगाळून दिली, ताक दिलं. चार दिवस बरं वाटायचं, पाचव्या दिवशी परसात पुन्हा राख टाकावी लागायची. शेवटी मी त्याला धान्याच्या टोपलीत घालून, वर चाळणी बांधून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. तिथं बैल, म्हशी, एक लंगडी गाय आणि त्यांच्या मागं मी. बैलवाले हसत होते. एक म्हातारा म्हणाला, "बाई, किती लिटर देतंय हे?"

डॉक्टर मात्र हसले नाहीत. पोट दाबून बघितलं, काय खातं ते विचारलं. म्हणाले, "दूध बंद करा. भाकरी बंद. कच्चं मटण द्या, बारीक तुकडे करून. थोड्यापासून सुरू करा."

मी म्हटलं, "आमच्यात चालत नाही."

"तुम्हाला कुठं खायला सांगतोय?"

घरी येऊन मी जसंच्या तसं सांगितलं. सासूबाईंनी क्षणभर विचार केला आणि निवाडा दिला. "कच्चं द्या म्हणले ना? मग गुण कच्च्यात हाय. मटण ही त्यांची आवड झाली. आपण आपलं कच्चं देऊ." कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही, मलाही नाही. आम्ही त्याच्यापुढं भिजवलेली मटकी ठेवली, कच्चे शेंगदाणे कुटून ठेवले, काकडी किसून ठेवली. त्यानं हुंगलं आणि तोंड फिरवलं. मग सासूबाईंनी न तापवलेलं धारोष्ण दूध ठेवलं, कारण तेही कच्चंच. ते मात्र त्यानं वाटी चाटून संपवलं. तिसऱ्या दिवशी त्याला मागचे पाय उचलता येईनात.

त्या दुपारी धनगराची बायको मीठ न्यायला आली. ओढ्यापलीकडं त्यांचा मेंढरांचा वाडा होता. मेंढरांना चाटायला खडेमीठ लागतं, ते ती आमच्याकडून न्यायची, आणि दुकानात गर्दी असली की मागून परसात यायची. माझ्याच वयाची, काटक, हातांना मेंढराचा वास. मांजर तुळशीजवळ पडलं होतं ते तिनं पाहिलं.

"वैनी, हे असं मरायला टेकलंय कावून?"

मी सांगितलं. मटकी, काकडी, धारोष्ण दूध. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"मांजर हाय ते," ती म्हणाली, "तुमचं जंगमस्वामी न्हाई. द्या इकडं. आठ-पंधरा रोजांत उभं करून देते."

मी व्यवहारी बाई आहे. मरणाऱ्या मांजरापेक्षा दुसरीकडं जगणारं मांजर बरं. मी स्वतःच्या हातानं उचलून दिलं. तिनं घोंगडीच्या खोळीत घातलं, डोक्यावर मीठ ठेवलं आणि ओढा ओलांडून गेली.

दुसऱ्या दिवशी मी बघायला गेले. सकाळी बाजार होता. बाजारादिवशी मटण कापायला तिच्या घरची माणसं मदतीला जात, तिथून ती पोटातलं उरलंसुरलं घेऊन येई. दगडावर हरभऱ्याएवढे तुकडे केलेले होते. तिनं एक तुकडा उचलून मुठीत धरला आणि बोलत बसली. मेंढरांचं, पावसाचं, नवऱ्याच्या गुडघ्याचं. मूठ मिटलेलीच. मी विचारलं, "हे काय?"

"ऊन करतेय. गार घास ते धरत न्हाई. जितं जनावर जेवढं ऊन असतंय, तेवढं झालं पायजे. आगीवर केलं की शिजतंय, म्हणून हातात."

मांजरानं त्या दिवशी तोंड लावलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. जन्मात दूध-भाकरीशिवाय काही पाहिलं नव्हतं त्यानं. ती रागावली नाही, तुकडा त्याच्या ओठाला लावायची आणि पुन्हा मूठ मिटायची. तिसऱ्या दिवशी मी पोचले तेव्हा ते तिच्या मुठीत नाक घालत होतं. तिनं बोटं उघडली, त्यानं घास घेतला, मान वाकडी करून चावला आणि पुन्हा नाक घातलं.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल. पण मला आठवतं ते एवढंच की घरी येताना मी ओढ्याचं पाणी विनाकारण पायानं उडवत आले.

पंधरा दिवसांत मांजर उभं राहिलं. हरभऱ्याएवढा घास सुपारीएवढा झाला. काळीज ती थोडंच द्यायची, जास्त दिलं तर पुन्हा ढाळ लागतात म्हणे. केसांवर तकाकी आली, जुलाब थांबले, शेपूट ताठ झालं. मी टोपली घेऊन गेले आणि त्याला घरी आणलं. संध्याकाळी ते भिंतीवरून उडी मारून परत वाड्यावर. मी पुन्हा आणलं. पुन्हा गेलं. धाकटी जाऊ भांडी घासता घासता म्हणाली, "ताई, तुमचं मांजर नांदायला गेलं की काय? ओटी भरून पाठवायचं होतं."

मी हसले नाही. मला ती रोज दिसत होती. दुपारी धान्य निवडताना ओढ्यापलीकडं मान वर केली की घोंगडीवर ती बसलेली आणि तिच्या पायाशी ते. माझ्या पदराचं टोक मोकळं. मी रोज काही ना काही निमित्त काढून जायची. कधी परसातल्या वेलाला लेंड्या हव्यात म्हणून, कधी मिठाचं पोतं आलंय हे सांगायला. गेले की बघायची, तिनं त्याला जास्त तर खाऊ घातलं नाही ना, गोचीड तर लागली नाही ना. काहीतरी वाईट सापडावं म्हणून बघायची. सापडायचं नाही. तिचे हात भेगाळलेले, वासाचे. माझे हात सकाळी आंघोळ करून पूजा केलेले. माझ्या हातांना कसलाच वास नव्हता, आणि म्हणूनच ते माझ्याकडं येत नसावं, हे मला कळत होतं आणि त्याचाच राग येत होता.

नवऱ्याला म्हटलं, गोदामात उंदीर वाढलेत, मांजर आणायला हवं. ते म्हणाले, "दुसरं धर की. ओढ्याला चार फिरत्यात." सासूबाई म्हणाल्या, "आता ते मांस खाऊन बाटलंय. तिकडंच राहू दे." म्हणजे घरात कुणालाच ते नको होतं. मला एकटीला हवं होतं, आणि हवं आहे असं म्हणायची मला लाज वाटत होती.

एकदा तिनंच बोलावलं. "बसा वैनी. आज तुमीच द्या घास. येईल बघा तुमच्याकडं." आणि तळहातावर तो लाल तुकडा माझ्यापुढं धरला. मी दोन पावलं मागं सरले.

"आमच्यात शिवत नाहीत."

"मग त्येनं तुमच्याकडं कावून यावं?"

टोमणा नव्हता तो. तिनं खरंच विचारलं होतं. टोमणा असता तर मी उत्तर दिलं असतं.

त्यानंतर मी जे केलं ते विचार करून केलं, रागाच्या भरात नाही. दुपारी ती मेंढरांकडं जायची आणि मांजर घोंगडीवर एकटं झोपायचं. मी तांब्यात दूध घेतलं, वर साय घातली आणि पदराखाली धरून ओढा ओलांडला. तांब्याचं झाकण काढताच ते धावत आलं. दूध त्याला सोसत नव्हतं, पण आवडत होतं. पिऊन झाल्यावर ते माझ्या पदराच्या टोकावर बसलं. मी तिथं, त्यांच्या वाड्यावर, दुसऱ्याच्या घोंगडीशेजारी जमिनीवर बसले होते, दुकानातलं, घरातलं सगळं काम टाकून. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. तिसऱ्या, चौथ्या दिवशीही. डॉक्टरांचं वाक्य मला पाठ होतं. मी ते मनात आणलं नाही, इतकंच. ते चार दिवस मी खुशीत होते. जावेनं विचारलंसुद्धा, माहेराहून पत्र आलं का म्हणून.

पाचव्या दिवशी मांजराला पुन्हा जुलाब सुरू झाले. सातव्या दिवशी धनगरीण त्याला घोंगडीत घालून आमच्या परसात आली. तुळशीपाशी ठेवलं आणि उकिडवी बसली.

"माझ्याच हातानं वंगाळ झालं, वैनी. शिळं गेलं काय की पोटात. आन् संक्रांत झाली, आमी मेंढरं घेऊन गोदाकाठाला निघालो. मला न्हाई जमलं. तुमचं तुमी बघा."

मला तेव्हा तोंड होतं. मी ते उघडलं नाही. "बघते," म्हटलं. ती उठून गेली. मला हवं होतं ते माझ्या परसात परत आलं होतं, घाणीनं भरलेलं आणि अंगात त्राण नसलेलं.

आता उपाय मला माहीत होता, आणि तो करणारी निघून गेली होती. मी सासूबाईंसमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, "मांजराला मटण घालणार आहे. परसात. मी स्वतः."

त्यांनी माझ्या गळ्याकडं बघितलं. "तिथं काय हाय ते ध्यानात हाय नव्हं?"

"आहे. दर वेळी डोक्यावरून न्हाऊन मगच आत येईन. विळी वेगळी, डबा वेगळा, दोन्ही परसातल्या कोनाड्यात. चुलीला हात लावायचा नाही म्हणालात तर तेवढा वेळ नाही लावणार."

"आन् लोक काय म्हणतील?"

"मांजर मेल्यावर काही म्हणणार नाहीत, तसंच जगल्यावरही म्हणणार नाहीत."

लोक म्हणाले. बाजारात मटणाच्या दुकानापुढं वाण्याची सून डबा घेऊन उभी राहिली तेव्हा आमचीच दोन गिऱ्हाइकं तिथं होती. विकणाऱ्यानं मला दोनदा विचारलं, "बाई, कुणाला पायजे?" मी म्हटलं, "मांजराला. चरबी नको, दिलाचा तुकडा दे आणि काळीज थोडंच." एवढी माहिती माझ्या तोंडून ऐकून त्यानं सुरी खाली ठेवली.

आमच्यात लिंगाची पूजा डाव्या तळहातावर लिंग घेऊन करतात. सकाळी पूजा झाल्यावर त्या हाताकडं बघत मी ठरवलं की मांस उजव्या हातात धरायचं. परसात बसून हरभऱ्याएवढे तुकडे केले, एक उचलला आणि मूठ मिटली. गार, बुळबुळीत, आणि बोटांमधून पाणी येतं. तरी टाकला नाही. हळूहळू तो तुकडा माझ्या हाताइतका ऊन झाला आणि मग मला मुठीत काही आहे हेच कळेना. मूठ मांजरापुढं नेली. त्यानं हुंगली आणि ओढ्याकडं मान वळवली.

दोन दिवस ते ओढ्याकडंच बघत होतं. वाडा रिकामा, तिथं नुसती काट्यांची कुंपणं. मरायला टेकलेलं असूनही ते तिची वाट बघत होतं आणि मी, हातातलं मांस घेऊन, त्या रिकाम्या कुंपणावर जळत होते. ती गावात नव्हती, तिला याची खबर नव्हती, तरीही. तिसऱ्या दिवशी त्यानं माझी मूठ चाटली. मी बोटं उघडली.

पौष-माघाच्या थंडीत रोज दोनदा गार पाण्यानं डोक्यावरून आंघोळ. परसातलं पाणी चुलीवर तापवायला मला आत जाता यायचं नाही, आणि जावांना सांगणं मला जमायचं नाही. शिवरात्रीला सासूबाई म्हणाल्या, "आजचा दिवस तरी?" मी म्हटलं, "सोमवार धरून काय झालं ते पाहिलं ना आपण." गोदामातल्या विषाच्या वड्याही मी उचलायला लावल्या. मांजर धडधाकट झालं तसं स्वतःचं स्वतः धरायला लागलं, आणि सासूबाईंनी केरसुणी जागेवरच ठेवली. उंदीर आमच्याच घरचे होते, त्यामुळे बाहेरून मांस आल्यासारखं होत नव्हतं, असं त्यांनी स्वतःशी ठरवलं असावं.

मृगाच्या आधी मेंढरं परत आली. ती मीठ न्यायला परसात आली तेव्हा मांजर माझ्या पदरावर होतं. तिचा आवाज ऐकताच उठलं आणि सरळ तिच्या पायाशी. मी निवडत होते ते सूप तसंच धरून बसले.

तिनं त्याला उचललं. मेंढरू बघतात तसं पोट चाचपलं, फासळ्या बघितल्या, ओठ वर करून दात बघितले. "लई चांगलं केलंय, वैनी. तुमच्या हाताला गुण हाय."

गप्प बसता आलं असतं. पण जे आपलं नाही ते मला घेता येत नाही. मी म्हटलं, "तेव्हा दूध मी पाजलं होतं. चार दिवस. तू मेंढरांकडं गेलीस की येत होते."

"ठाव हाय. मिशांना साय लागलेली व्हती."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? आमी जाणारच व्हतो. मांजर काय मेंढरामागं चालत येतंय व्हय? कुणाच्या तरी हाती द्यायाच लागणार व्हतं."

"आणि शिळं गेलं म्हणालीस ते?"

"तसं म्हणले नसते तर तुमी घेतलं असतं व्हय? दुधाचं काढलं असतं तर तुमी भांडला असता, आन् भांडला असता तर मांजराला हात लावला नसता." तिनं मांजर खाली ठेवलं. "मिठाचं खडं जरा मोठं द्या. मागच्या बारीला लई चुरा निघाला."

मी आतून मोठे खडे निवडून आणले. तिनं डोक्यावर घेतले आणि निघाली. मांजर तिच्यामागं भिंतीपर्यंत, मग भिंतीवरून पलीकडं.

मी तिच्यावर जळत होते तेव्हा तिला माझं सगळं दिसत होतं. माझा पदराखालचा तांब्या, माझं तोंड न उघडणं, मी पुढं काय करीन तेही. तिनं स्वतःवर दोष घेतला आणि मेंढरं घेऊन चालती झाली, आणि त्याचं तिला काही वाटलंसुद्धा नाही. मला असं करता आलं नसतं. त्या दुपारी मला तिचा जो हेवा वाटला तो मांजरावरून वाटलेल्या हेव्यापेक्षा जास्त होता, आणि त्याला काही औषध नव्हतं.

चारच्या सुमारास मी कोनाड्यातला डबा काढला. तुकडा मुठीत धरून बसले. मांजर भिंतीवरून आलं, अंगाला मेंढराचा वास, पोट तटतटलेलं. तिकडून खाऊन आलं होतं. तरी माझ्यापाशी येऊन मुठीला नाक लावलं.

तुकडा कधीचाच ऊन झाला होता. मी मूठ जरा उशिरानंच उघडली.